हिलाल गुरुजींची पत्रिका

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाला तागडी उचलतो तेव्हा मी भाजीकडे बघत नाही, त्याच्या करंगळीकडे बघतो. आमच्या घरात, म्हणजे भागीरथीला, याचा फार वैताग येतो. पण सुरतेच्या आमच्या मराठी शिक्षक मंडळाने मला खजिनदार केलं ते याच गुणावर. मी परभणीकडचा, बाकीचे बहुतेक खान्देशी. परका माणूस, त्यात शंकेखोर, पैशावर बसवायला बरा. खजिनदार झाल्यापासून मी एकाच माणसावर डोळा ठेवून होतो. हिलाल पाटील, आमच्या डिंडोलीच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर.

हिलाल गुरुजी मूळचे पारोळ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या मागे सुरतेला आले, साड्यांच्या छपाईत रंग कालवत कालवत शिकले आणि मास्तर झाले. रंग तेवढा नखांतून कधी गेला नाही. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर त्यांनी लग्न केलं नाही. अंगात कायम राखाडी सफारी, खाली सायकल. एकटा जीव, पगार पुरून उरेल, घरी वाट बघणारं कोणी नाही, तरी हा माणूस शाळा सुटली की दुसऱ्यांच्या कामासाठी गावभर पायडल हाणायचा. असा माणूस दिसला की मला एकच प्रश्न पडतो. याला यातून मिळतं काय?

मंडळाचा एक आधार निधी होता. आमच्या विनाअनुदानित शाळांत बारावी झालेली पोरं-पोरी तुटपुंज्या पगारावर शिकवायची. त्यातल्या होतकरूंना डी.एड. करायला पाठवायचं, फी आणि खानावळ निधीने सोसायची, असा ठराव होता. ठराव उत्तम होता, निधी नव्हता. तो गोळा करायचं काम हिलाल गुरुजींनी आपण होऊन मागून घेतलं. आपण होऊन! मी तेव्हाच भुवई उचलली.

त्यांच्या डोक्यातून कल्पना मात्र पोळ्यातून माश्या निघाव्यात तशा निघायच्या. पहिल्यांदा त्यांनी लकी ड्रॉ काढला. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. तो लागला त्यांच्याच मावसबहिणीला. चिठ्ठी उचलणाऱ्या पोरीच्या डोळ्यांवर पट्टी होती; ती पट्टी मी घरी आणून स्वतःच्या डोळ्यांवर बांधून पाहिली. काही दिसलं नाही. तरी माझं समाधान झालं नाही. पुढे त्यांनी काढलं की प्रत्येक शिक्षकाने एकादशीला उपास करावा आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे निधीला द्यावेत. एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी. घरोघरी रोजच्यापेक्षा खर्च वाढला आणि दोन शिक्षकांनी उलट निधीकडे मदत मागितली. गणपतीत मास्तरांची आरती मंडळी काढली, तर लोकांनी दक्षिणेऐवजी मोदक दिले. मोदक निधीत जमा कसे करायचे ते मला कोणी सांगितलं नाही.

अशात सुमनचा प्रश्न आला.

सुमन हिलाल गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, आमच्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. तिच्या वर्गातून कधी छडीचा आवाज यायचा नाही, आणि पोरं घंटा झाली तरी उठायची नाहीत. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात शाळेच्या संचालकांनी तिला बोलावून सांगितलं की यापुढे डी.एड. नसलेल्यांना ठेवता येणार नाही. शिकून आलीस तर जागा तुझी, नाहीतर जूनपासून येऊ नकोस. धुळ्याच्या एका अध्यापक विद्यालयात तिचा नंबर लागला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात फी भरायची होती. निधीच्या पेटीत मोदकांचा वास तेवढा होता.

मी आणि हिलाल गुरुजी तिच्या वडिलांकडे गेलो. सुकलाल यंत्रमागावर कामाला. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्याला घरातही ओरडून बोलायची सवय लागलेली.

"गुरुजी, पैसा शेतस," तो म्हणाला. "पन त्या पोरना लगीनना शेतस. शिकाना नहीत."

"अरे, पण शिकली तर दोन वर्षांत..."

"वीस वरीस मी लोकेसना लगीनमा आहेर करी ऱ्हायनू," सुकलाल मला तोडत म्हणाला. "तो कव्हय परत येई? हिनं लगीन व्हई तव्हयच ना?"

या लोकांचं आहेराचं शास्त्र मला सुरतेत आल्यावर कळलं. टोपी, टॉवेल, ब्लाऊजपीस, पातेलं, पाकीट. ज्याने जे दिलं ते त्याच्या घरच्या कार्यात तसंच परत करायचं. आणि लग्नात लाऊडस्पीकरवर नाव पुकारून द्यायचं, म्हणजे साऱ्या मांडवाला कळतं. सुकलालने वीस वर्षं पेरलं होतं आणि त्याला पीक हवं होतं. त्यात मला तर काही गैर दिसलं नाही.

परत येताना हिलाल गुरुजी सायकल हातात धरून चालत होते. रेल्वे फाटकापाशी थांबले आणि एकदम म्हणाले, "सापडलं."

"काय सापडलं?"

"काही नाही," म्हणाले, आणि टांग मारून निघून गेले.

माणूस 'काही नाही' म्हणाला की तिथे काहीतरी असतं, हा माझा अनुभव. मी पाळत वाढवली. हिलाल गुरुजी आता एक दिवसाआड सुकलालच्या घरी जाऊ लागले. मंडळात त्यांनी सांगितलं की निधीसाठी एक कार्यक्रम करायचा आहे, त्याची पत्रिका छापायची, आणि जो वर्गणी देईल त्याचं नाव पत्रिकेत येईल. वर्गणी मात्र धो धो आली. मास्तरांकडून, कारखान्यांतल्या मुकादमांकडून, किराणावाल्यांकडून. इतकी वर्षं निधीच्या नावाने ज्यांच्या हाताला लकवा व्हायचा, ते दारात येऊन देऊ लागले. गुरुजी सगळे पैसे माझ्याकडे भरत होते, पावत्या बरोबर होत्या. आणि पावत्या बरोबर असल्या की मला जास्त घोर लागतो.

एके दिवशी भागीरथी बाजारातून आली आणि पिशवी ठेवायच्या आत म्हणाली, "अहो, हिलाल गुरुजी साडीच्या दुकानात होते. सुमन आणि तिची आई बरोबर. हिरवी साडी घेतली. जरीकाठाची."

"कोणासाठी?"

"सुमनच्या खांद्यावर टाकून बघत होते की."

मग कळलं की शाळेचं मैदान मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मांडवासाठी मागितलं आहे. बट्ट्या करणारा आचारी नंदुरबारहून ठरवला आहे. आणि पत्रिका छापून आल्या. वर गणपती, कोपऱ्याला हळद-कुंकू. साऱ्या डिंडोलीत वाटल्या. शाळेच्या शिपायाला दिली, चहावाल्याला दिली. मला दिली नाही.

न बोलावता दुसऱ्याच्या हातातली पत्रिका मागून वाचणं म्हणजे भीक मागणं. ते माझ्याच्याने होईना. मी नुसतं विचारत सुटलो. आमच्या मुख्याध्यापिका शोभाबाईंना विचारलं, "बाई, लग्न सुमनचं आहे का?"

"मग काय. तिचंच तर नाव आहे वर."

"आणि मुलगा कोण?"

"असेल की कुणीतरी. माझं नाव विनीतमध्ये तिसऱ्या ओळीत आहे. तिसऱ्या!"

छगनदादा म्हणजे कारखान्यांतले मोठे मुकादम, जातीतले वजनदार. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला ते गेले नव्हते, कारण पत्रिकेत त्यांचं नाव जावयाच्या खाली छापलं होतं. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मना नाव सर्वांत पहिले शे." बस्स. ज्याला विचारावं तो आपल्या नावाचा पत्ता सांगे, नवरदेवाचा कोणी सांगेना.

शेवटी मी सुकलालला कारखान्याच्या दारात गाठलं. "अरे, पोरगी कुणाला देतोस?"

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "धुळाले जाई ती, गुरुजी. तुम्ही जेवाले या." आणि आत पळाला.

धुळे! शिकायला तर बाप पाठवणार नव्हता. हिलाल गुरुजींनी धुळ्याला घरासाठी जागा घेऊन ठेवली आहे हे मला ठाऊक होतं. सगळे धागे जुळले. पन्नाशीला टेकलेला विधुर, एकवीस वर्षांची पोरगी, लग्नाच्या घोरातला बाप, हिरवी साडी, आणि निधीच्या नावाने गोळा केलेल्या पैशांत बट्ट्यांच्या पंगती. याला यातून काय मिळतं, हे मला आता कळलं. मला इतका संताप आला की हातातली पेन्सिल मोडली. मी भागीरथीला सांगितलं. आणखी दोन-तीन जणांना सांगितलं, विश्वासाने, कुणाला सांगू नका म्हणून. भागीरथी म्हणाली, "तुमच्या जिभेला काही हाड?" मी म्हटलं, रविवारी बघ.

रविवारी मी न बोलावता गेलो. डिंडोली लोटली होती. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पुरुष टोप्या घालून, बगलेत आहेराची पुडकी. एका बाजूला गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजल्या जात होत्या, वांग्याच्या भाजीचा तिखट वास सुटला होता. व्यासपीठावर हिरवी साडी नेसून सुमन बसली होती. कपाळाला मुंडावळ्या नव्हत्या. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि हिलाल गुरुजी आपल्या त्याच राखाडी सफारीत माईकवर आहेर पुकारत होते.

"छगनदादा पाटील यांच्याकडून एकशे एक आणि पातेलं! शोभाबाईंकडून साडी-चोळी!"

पुकारा झाला की माणूस ताठ मानेने पाकीट ठेवी आणि सुकलालकडे बघे. सुकलालचा चेहरा फुलला होता. वीस वर्षांचं सगळं परत येत होतं. पण मागच्या रांगांतून कुजबूज सुरू झाली होती. वरात कशी नाही? भटजी कुठे आहे? माझ्याच्याने राहवेना. मी सरळ वर चढलो आणि माईक ओढून घेतला.

"मंडळी, आहेर नंतर करा. आधी एक सांगा, नवरदेव कुठे आहे?"

हिलाल गुरुजी माझ्याकडे वळले. मला वाटलं त्यांचा चेहरा पांढरा पडेल. ते हसले.

"सखाराम गुरुजींनी बरोबर विचारलं," ते माईककडे वाकून म्हणाले. "ज्यांच्याकडे पत्रिका असेल त्यांनी जरा काढा. आणि आज वरून वाचा."

खिशांतून, पर्सांतून, पदराच्या गाठींतून पत्रिका निघाल्या. आपापली नावं सोडून लोकांनी पहिल्यांदा वरचा मजकूर वाचला. शोभाबाईंनी मोठ्याने वाचला. सुकलाल यांची ज्येष्ठ कन्या चिरंजीव सुमन हिची, धुळे येथे अध्यापक विद्यालयात दोन वर्षे शिक्षणासाठी, पाठवणी करण्याचे योजिले आहे. तरी सहकुटुंब येऊन आशीर्वाद द्यावेत. आलेला आहेर मंडळाच्या आधार निधीतून तिच्या शिक्षणाला लागेल. लग्न हा शब्द कुठेच नव्हता. नवरदेवाचं नाव नव्हतं, मुहूर्त नव्हता. साऱ्या डिंडोलीच्या हातात आठवडाभर ती पत्रिका होती आणि एकानेही वरचा मजकूर धड वाचला नव्हता.

छगनदादा उठले. मान लाल झाली होती. "हाई फसाडनं शे!" ते गरजले. "लगीन सांगीसन आमले बलावं!" त्यांच्या मागे आणखी चार-पाच जण उभे राहिले. पंगतीतून बायका उठू लागल्या. सुकलाल मान खाली घालून बसला. सुमनने मांडीवरचा पदर दोन्ही मुठींत धरला. एवढी माणसं आहेर उचलून निघाली असती तर धुळे संपलं होतं. एवढंच नाही, जिचा भरला मांडव उठून गेला ती पोरगी म्हणून तिला पुढे कोणी दारातही उभं केलं नसतं. मी नवरदेव शोधायला आलो होतो, हे मला नको होतं.

हिलाल गुरुजी शांतपणे म्हणाले, "दादा, मी लग्न म्हटलं नाही. पण ज्यांना फसवल्यासारखं वाटतं त्यांनी आहेर जरूर परत न्यावा. काही हरकत नाही. देताना नाव पुकारलं, तसंच परत नेताना पुकारू. पहिलं कोण येतंय?"

आणि ते माईकपाशी वाट बघत उभे राहिले.

आपलं नाव लाऊडस्पीकरवर, आणि पुढे 'यांनी पातेलं परत नेलं'! शेजारच्या लिंबायत वस्तीपर्यंत ऐकू गेलं असतं. छगनदादांच्या मागचे चौघे हळूच खाली बसले. दादा एकटे उरले. तेवढ्यात सुमन उठली, व्यासपीठाच्या कडेला आली आणि त्यांना वाकून नमस्कार करून म्हणाली, "दादा, तुमना नातूले मीच शिकाडस. दोन वरीसमा परत येस."

दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग आगीकडे पाहिलं. "बट्ट्या थंड्या व्हई जातीन," ते गुरगुरले. "जेवाले बसा बठ्ठा जन." आणि स्वतः पहिल्या पंगतीत पहिल्या पाटावर जाऊन बसले.

जेवणं उरकल्यावर मी हिलाल गुरुजींना मांडवामागे गाठलं. ते रिकाम्या द्रोणांच्या गठ्ठ्यावर बसून नखातला रंग काडीने काढत होते.

"मला पत्रिका का दिली नाही?"

"तुम्ही वाचली असती."

मी तरी हट्टाने म्हटलं, "ही लबाडीच झाली."

"झाली," ते म्हणाले. "आपल्या लोकांचा हात लग्नाला सुटतो. शिकायचं म्हटलं की खिसा शिवलेला असतो. मी खिसा फाडत बसलो नाही, लग्नच मांडलं." मग म्हणाले, "आता एक काम आहे. पोरीला पाठराखीण पाहिजे. सुकलालची धाकटी आजारी आहे, तिच्या आईला निघता येणार नाही. भागीरथीवहिनींनी जावं, आणि तुम्ही बरोबर."

"मी? तुम्ही का नाही जात? सगळं तुम्ही केलंत."

ते काडीकडेच बघत होते. "सखाराम गुरुजी, मी एकटा माणूस. मी त्या पोरीबरोबर गाडीत बसलो तर लोक काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणालात ना ते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

"तुमचा कुणावर विश्वास नाही," ते पुढे म्हणाले. "परक्या गावी पोरगी ठेवायची तर असाच माणूस जाऊन बघून यायला पाहिजे. वसतिगृहाची कडी बघा, पाणी बघा, तिथल्या बाई बघा. तुम्ही ठीक आहे म्हणालात, तर मला झोप लागेल."

जूनच्या सुरुवातीला आम्ही उधना स्टेशनवर भुसावळ पॅसेंजरची वाट बघत उभे होतो. सुकलाल सुटी टाकून आला होता. नव्या ट्रंकेवर गुरुजींनी स्वतः ब्रशने सुमनचं नाव घातलं होतं. गाडी लागली तशी सुकलालने दोन्ही हातांनी माझे हात धरले आणि जे मुलीच्या सासऱ्याला म्हणतात ते तो मला म्हणाला. "पोर तुमना पदरमा टाकी, गुरुजी." या खेपेला तो ओरडून बोलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सुमन खिडकीत बसून सारखी फाटकाकडे बघत होती. "हिलाल गुरुजी नाही आले?"

मी नजर फिरवली. माझी नजर या कामात तयार आहे. प्लॅटफॉर्मवर ते नव्हते. पण कुंपणापलीकडे, रिक्षांच्या रांगेजवळ उसाच्या रसाची गाडी होती, आणि तिच्याकडे तोंड करून, रसाचे भाव वाचत असल्यासारखा एक माणूस उभा होता. राखाडी सफारी. इतकी वर्षं पाळत ठेवलेली पाठ मी हजार माणसांत ओळखली असती. जिची पाठवणी त्यांनी उभी केली, तिला निरोप द्यायला त्यांना कुंपणाबाहेर चोरासारखं उभं राहावं लागत होतं. ते कुंपण माझ्या तोंडानेच घातलं होतं.

"तिकडे बघ," मी सुमनला म्हटलं. आणि दारात जाऊन सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल असा ओरडलो, "हिलाल गुरुजी! इकडे या! पोरगी निघाली तुमची!"

ते वळले. आत आले नाहीत. गाडीला धक्का बसला, चाकं फिरू लागली, सुमनने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला. गुरुजींनी आधी तिला हात केला. मग माझ्याकडे बघून आपल्या डोळ्याला बोट लावलं आणि ते बोट तिच्या खिडकीकडे केलं.

मांडवात न रडलेली सुमन बारडोलीपर्यंत रडत होती. भागीरथी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. समोरच्या बाकावरचा एक माणूस उगाचच आमच्या ट्रंकेकडे बघत होता. मी ट्रंक पायाखाली ओढली आणि धुळ्यासाठी उतरायचं नरडाणा स्टेशन येईपर्यंत डोळा मिटला नाही.